अमेरिकेत टीप कोणाला आणि किती द्यावी? परतीच्या वाटेवर लंडनही आहे

गोदाकाठ

नमस्कार.

मे महिन्यात मी आणि माझे यजमान लेकीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला जात आहोत. आम्ही दोघेही निवृत्त आहोत. लेक आणि जावई दोघांच्याही नोकऱ्या असल्यामुळे न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगारा दाखवणारी चार दिवसांची बससहल आम्ही दोघेच करणार आहोत, आणि परतताना लंडनमध्ये काही दिवस मुक्काम आहे. तिकिटे, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या असे सगळे मार्गी लागले. घोडे अडले आहे ते टीपपाशी.

सहलीच्या माहितीपत्रकात भाड्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की, चालक आणि मार्गदर्शक यांची टीप माणशी दिवसाला १२ डॉलर असून ती भाड्यात धरलेली नाही आणि सहलीतच रोख द्यायची आहे. चार दिवसांचे आमचे दोघांचे मिळून ९६ डॉलर होतात. यजमानांचे म्हणणे असे की, जी रक्कम आधीच छापून ठरवली आहे आणि जी नाकारण्याची मुभा नाही, तिला टीप म्हणूच नये, भाडे म्हणावे. ते बँकेत होते, त्यामुळे बिलातली प्रत्येक ओळ वाचण्याची त्यांना सवय आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेलांना बिलात सेवाशुल्क परस्पर जोडण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. तेव्हापासून तर ते पुण्यामुंबईच्या हॉटेलांत असे शुल्क हमखास काढायला लावतात. तोच बाणा त्यांनी अमेरिकेत दाखवला तर लेकीची पंचाईत होईल, अशी मला धास्ती आहे.

लेकीला फोनवर विचारले की ती "आई, वीस टक्के देऊन मोकळी हो" एवढेच सांगते. पण वीस टक्के कशाचे, करासकट रकमेचे की करावाचून, कॉफीच्या काउंटरवरही द्यायचे का, खोली आवरणाऱ्या बाईंसाठी काही ठेवायचे का, आणि कार्डावर टीप देतात म्हणजे नेमके काय करतात, हे नीट समजावून सांगायला तिला वेळ नाही. दिवाळीची पोस्त देताना आम्ही कधी हात आखडता घेतलेला नाही, तेव्हा प्रश्न कंजूषपणाचा नाही. जिथे देणे रीतीचे आहे तिथे कमी पडू नये आणि जिथे नाही तिथे उगाच उधळपट्टी होऊ नये, एवढीच इच्छा आहे. लंडनबद्दल आणि इतर देशांबद्दल कोणाला माहिती असल्यास तीही वाचायला आवडेल.

एडिसनकर

गोदाकाठताई, लेकीचे उत्तर तुटक असले तरी चुकीचे नाही. मी या भागात बरीच वर्षे राहतो आणि भारतातून येणाऱ्या आईवडिलांना, सासूसासऱ्यांना हेच समजावताना आमच्या पिढीची दमछाक होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेतनाचे पाहू, कारण यजमानांच्या शंकेचे उत्तर तिथेच आहे. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. पण ज्यांना टीप मिळते अशा कामगारांना मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. उरलेली रक्कम टीपमधून भरून यावी, न आल्यास मालकाने फरक द्यावा, अशी तरतूद आहे. राज्ये यापेक्षा जास्त दर ठरवू शकतात. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा अशा काही राज्यांत वेटरलाही पूर्ण किमान वेतन मिळते. तुमची बस मात्र ज्या पेन्सिल्व्हेनियातून जाईल तिथे हा दर २.८३ डॉलर आहे, आणि आमच्या न्यू जर्सीत तो बराच जास्त असूनही सर्वसाधारण किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे भारतात सेवाशुल्क काढायला लावले की मालकाच्या गल्ल्यातले पैसे कमी होतात, इथे टीप दिली नाही की समोर उभ्या असलेल्या मुलीच्या पगाराला कात्री लागते. कित्येक ठिकाणी वेटरला आपल्या टेबलांच्या विक्रीच्या प्रमाणात टेबले पुसणाऱ्याला आणि बारवरच्या माणसाला वाटा द्यावा लागतो. तुम्ही काहीच ठेवले नाही तरी तो वाटा त्याला द्यावाच लागतो.

आता प्रत्यक्ष बिल. जेवण झाल्यावर वेटर काळ्या पाकिटात बिल आणून ठेवतो. ते आधी पूर्ण वाचावे, कारण सहा-आठ माणसांच्या वर टेबल असेल तर त्यात टीप आधीच जोडलेली असू शकते, आणि पर्यटकांच्या गर्दीच्या भागात दोघांच्या बिलातही ती कधीकधी असते. जोडलेली असेल तर पुन्हा देण्याचे कारण नाही. नसेल तर पाकिटात कार्ड ठेवायचे. वेटर ते घेऊन जातो आणि कार्डासह दोन पावत्या आणून देतो. एक दुकानाची, एक तुमची. दुकानाच्या पावतीवर बिलाची रक्कम छापलेली असते, खाली टीपसाठी एक रिकामी ओळ, त्याखाली एकूण रकमेसाठी दुसरी रिकामी ओळ आणि मग सहीची जागा. टीप आपल्या हाताने लिहायची, बेरीजही आपणच करायची, सही करायची आणि ती पावती टेबलावर ठेवून उठायचे. कार्ड पुन्हा घासावे लागत नाही. दुकान नंतर तो आकडा यंत्रात भरते. त्यामुळे बँकेचा जो संदेश मोबाइलवर आधी येतो त्यात टीपशिवायची रक्कम असते आणि एक-दोन दिवसांनी खात्यावर वाढीव रक्कम दिसते. यजमान बँकेतले असल्यामुळे हे आधीच सांगून ठेवलेले बरे, नाहीतर ते तक्रार नोंदवतील. आपल्याजवळच्या पावतीवर तोच आकडा टिपून ठेवावा, म्हणजे ताळा करता येतो. हल्ली काही ठिकाणी वेटर छोटे यंत्र टेबलापाशीच आणतो. मग टीपचा आकडा त्यावरच निवडायचा असतो.

किती? टेबलावर येऊन वाढणारे उपाहारगृह असेल तर १८ ते २० टक्के ही आजची रीत आहे, १५ टक्के ही खालची मर्यादा. हिशेब कर सोडून मूळ रकमेवर करायचा. न्यूयॉर्क शहरात विक्रीकर ८.८७५ टक्के आहे, त्यामुळे तिथे कराची दुप्पट केली की साधारण १८ टक्के होतात. समजा, दोघांचे जेवण ६४ डॉलरचे झाले, तर कर ५.६८, त्याची दुप्पट ११.३६, म्हणजे १२ डॉलर लिहावेत आणि एकूण ८१.६८ ची बेरीज करावी. न्यू जर्सीत कर ६.६२५ टक्के असल्यामुळे ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. ओक ट्री रोडवरच्या आपल्या भारतीय हॉटेलांत, जिथे आपणच उठून ताट भरून घ्यायचे असते तिथे, १० टक्के पुरतात. पार्सल घेतल्यास द्यायची गरज नाही.

काउंटरवर कॉफी घेतली की पलीकडची व्यक्ती पडदा तुमच्याकडे फिरवते आणि त्यावर १८, २०, २५ असे ठळक चौकोन दिसतात. "टीप नाही" हा पर्याय खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो. तो दाबण्यात कसलाही अपमान नाही. मागे रांग असते, समोरची मुलगी बघत असते आणि माणूस संकोचून २० दाबतो, याच भिडेवर ते यंत्र चालते. मी तिथे देत नाही. एखाद्याने जरा विशेष खटपट केली तर डॉलरभर बरणीत टाकतो.

न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीच्या पडद्यावरही २०, २५, ३० असे आकडे येतात. तिथे आपला आकडा भरण्याची सोय असते आणि १५ टक्के दिले तरी पुष्कळ झाले. सामान खोलीपर्यंत नेणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यावेत.

राहिली बससहल. यजमानांचा तर्क बिनतोड आहे, तो आकडा म्हणजे भाडेच. या सहलींचे भाडे जाहिरातीत स्वस्त दिसावे म्हणून ती रक्कम बाहेर काढून ठेवलेली असते, आणि बहुतेक माहितीपत्रकांवर ती माणशी दिवसाला १० ते १५ डॉलरच्या घरात असते. तेव्हा दोन सहलींची तुलना करताना ती भाड्यात मिळवूनच करावी आणि एकदा सहल निवडली की ते ९६ डॉलर वेगळ्या लिफाफ्यात घालून ठेवावेत. शेवटच्या दिवशी, बहुधा न्यूयॉर्कच्या अलीकडे तासभर अंतरावर, मार्गदर्शक ध्वनिक्षेपकावरून आठवण करून देतो आणि मग आसनांच्या रांगेतून स्वतः फिरतो. त्या वेळी पूर्ण बससमोर वाद घालणे नको.

तिरकस

एडिसनकरांनी दिलेले आकडे बरोबर आहेत आणि गोदाकाठताईंनी ते पाळावेत. पण काकांच्या कुरकुरीला इतक्या लवकर गप्प करू नये असे मला वाटते, कारण त्यांचा प्रश्न जुना आहे आणि तो अमेरिकनांनीही विचारलेला आहे.

टीपची चाल अमेरिकेत यादवी युद्धानंतर रुजली. युरोप फिरून आलेल्या श्रीमंतांनी ती आणली हे खरे, पण तिला धंद्याचे रूप दिले ते रेल्वे आणि हॉटेलांनी. पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांमध्ये सेवक म्हणून गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना नेमले जाई, पगार तुटपुंजा देत आणि उरलेले प्रवाशांकडून मिळवा असे सांगत. त्याच सेवकांनी पुढे १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार करून घेतला. दुसऱ्या बाजूला टीपविरुद्ध चळवळही झाली. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टीपवर बंदी घालणारा कायदा केला, आणखी काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले, पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. १९६६ मध्ये हॉटेल कामगारांना किमान वेतनाचा कायदा लागू करताना टीप पगारात धरण्याची मुभा मालकांना मिळाली, आणि १९९६ मध्ये २.१३ चा आकडा किमान वेतनाच्या वाढीपासून तोडला गेला. म्हणजे आज जी "रीत" म्हणून सांगितली जाते ती ठरावीक वर्षी, ठरावीक लोकांच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था आहे. न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध हॉटेलव्यावसायिक डॅनी मेयर यांनी २०१५ पासून आपल्या उपाहारगृहांत टीप बंद करून पदार्थांचे दर वाढवून पाहिले. २०२० मध्ये त्यांनाही तो प्रयोग सोडावा लागला. लोकांना वाढलेले दर दिसतात, पण टीपसकट होणारी बेरीज कोणी करत नाही.

तरीही टीप न देऊन या व्यवस्थेचा निषेध करता येतो, हे मला पटत नाही. त्याचा चटका मालकाला बसत नाही. निषेध करायचाच असेल तर काउंटरवरच्या पडद्यावर करावा. तिथल्या माणसाला बहुतेक ठिकाणी पूर्ण किमान वेतन मिळते आणि तुमचे दोन डॉलर मालकाला पगारवाढ टाळायला मदत करतात. या बाबतीत मी एडिसनकरांपेक्षा कडक आहे, बरणीतही टाकत नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने लिहावी लागते. आपले लोक टीप देत नाहीत, अशी समजूत तिकडच्या वेटरांमध्ये आहे, आणि दहा-बाराजणांचे देशी टेबल आले की कोणी त्याच्याकडे जायचे यावरून कुजबुज होते. पाच वेळा पाणी, बर्फाशिवाय, मग लिंबू, मग तिखट सॉस, मग चार कार्डांवर बिल विभागून, आणि शेवटी पावतीवर दोन डॉलर, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला ती समजूत निव्वळ वंशद्वेष वाटणार नाही.

सहलसोबती

मी काही वर्षे युरोपच्या गटसहलींवर व्यवस्थापक म्हणून जात असे, म्हणून लंडन आणि युरोपबद्दल लिहितो.

लंडनमध्ये अमेरिकेचा हिशेब पूर्ण विसरावा. तिथे टीप किमान वेतनात धरण्यास ऑक्टोबर २००९ पासून बंदी आहे. वेटरलाही इतरांइतकेच किमान वेतन मिळते आणि एप्रिल २०२५ मध्ये ते २१ वर्षे व त्यावरील कामगारांसाठी तासाला १२.२१ पौंड झाले. टेबलावर वाढणाऱ्या बहुतेक उपाहारगृहांत बिलाच्या तळाशी साडेबारा टक्के सेवाशुल्क जोडलेले असते आणि त्यापुढे ते ऐच्छिक असल्याचे छापलेले असते. ते दिले की वर काही ठेवायचे नाही. सेवा वाईट असेल तर ते काढून टाकण्यास सांगता येते आणि त्यावर कोणी भुवई उंचावत नाही, तेव्हा काकांना हौस भागवायची असेल तर जागा ही आहे. परंतु काढण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, २०२३ च्या कायद्याने, जो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला, अशी सर्व रक्कम कर्मचाऱ्यांना कपात न करता वाटणे मालकावर बंधनकारक आहे. पूर्वी त्यातला काही भाग मालकाच्या घशात जाई. आता तो आक्षेप कायद्याने तरी उरलेला नाही. पबमध्ये काउंटरवरून पेय घेतले तर टीप नाही. टॅक्सीत वरची चिल्लर सोडावी. जी पायी फिरवणारी सहल "मोफत" म्हणून जाहिरात करते, तिचा मार्गदर्शक मात्र केवळ टीपवरच जगतो. दोन तास ऐकून शेवटी टाळ्या वाजवून निघून जाणे बरे दिसत नाही, माणशी पाच-दहा पौंड द्यावेत.

युरोप खंडात देशागणिक फरक आहे. फ्रान्समध्ये १९८७ पासून छापील दरात सेवा धरलेली असते, त्यामुळे एक-दोन युरोची नाणी ठेवली तर ठेवली. स्वित्झर्लंडमध्येही १९७४ पासून तसेच. इटलीत बिलावर माणशी एक ते तीन युरोची एक ओळ दिसते. ती टेबलाची आणि पावाची आकारणी आहे, टीप नव्हे. पाव खाल्ला नाही म्हणून ती माफ होत नाही, आणि आपल्या मंडळींचा सर्वांत मोठा वाद याच ओळीवरून होतो. जर्मनीत नोटा टेबलावर ठेवून उठण्याची पद्धत नाही. बिल ३७ युरोचे असेल तर पैसे देतानाच "चाळीस" असे तोंडी सांगायचे, वेटर तेवढे कापून उरलेले परत करतो. पाच ते दहा टक्के पुरतात.

गटसहलींच्या बसचालकाला माणशी दिवसाला एक-दोन युरो देण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रातल्या सहल कंपन्या ही रक्कम बहुधा निघण्यापूर्वीच सर्वांकडून एकत्र घेतात. तशी घेतली आहे का हे आधी विचारावे, कारण दुसऱ्यांदा बसमध्ये टोपी फिरली की कुरबुर सुरू होते. आणि एक गैरसमज दूर करतो. जादा टीप देऊन चालकाला संध्याकाळी आणखी एक ठिकाण दाखवायला लावता येत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार दिवसाला सामान्यतः नऊ तासच वाहन चालवता येते, दर साडेचार तासांमागे पाऊण तासाची विश्रांती सक्तीची असते आणि गाडीतले यंत्र प्रत्येक मिनिट नोंदवून ठेवते. चालक हटवादीपणा करतो, असे प्रवाशांना वाटते. प्रत्यक्षात दंड त्याला भरावा लागतो.

लेकीकडे

गोदाकाठताई, वरच्या कोणीही न लिहिलेला एक मुद्दा आपल्या वयाच्या लोकांसाठी महत्त्वाचा आहे, तो म्हणजे विमानतळावरची चाकाची खुर्ची.

आपल्यापैकी पुष्कळजण गुडघ्यांमुळे किंवा इमिग्रेशनच्या लांब रांगेत भाषेची अडचण येऊ नये म्हणून ही सोय मागून घेतात. अमेरिकी कायद्यानुसार ही सेवा विमान कंपनीने विनामूल्य द्यायची असते आणि त्यासाठी कोणी पैसे मागणे चूक आहे. पण खुर्ची ढकलणारे बहुतेकजण कंत्राटी कामगार असतात, पगार बेताचा असतो, आणि ते तुम्हाला विमानाच्या दारापासून इमिग्रेशन, सामानाचा पट्टा, कस्टम्स असे सगळे पार करून बाहेर लेकीच्या हाती सोपवतात. यात तास-दीड तास सहज जातो. त्यांना दर खुर्चीमागे पाच डॉलर, सामानही उचलले असेल तर थोडे अधिक, द्यावेत अशी चाल आहे. कोणी हात पसरून थांबले किंवा आकडा सांगू लागले तर घाबरून जास्त देऊ नये. मुंबईहून निघतानाच पाच-पाचच्या नोटा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवाव्यात. पट्ट्यापाशी उभे राहून पोटाशी बांधलेला बटवा सगळ्यांसमोर सोडणे प्रशस्त नव्हे. लंडनच्या विमानतळावर या सेवेसाठी टीपची अपेक्षा नसते.

वॉशिंग्टनला स्मिथसोनियनची संग्रहालये पाहाल. तिथे प्रवेशही विनामूल्य आहे आणि माहिती सांगणारे पुष्कळसे स्वयंसेवक असतात, त्यांना पैसे देऊ करू नयेत; मनापासून आभार मानावेत. तीच गोष्ट राष्ट्रीय उद्यानांतल्या गणवेशधारी रेंजरची, ते सरकारी नोकर आहेत.

योकोहामा

इतर देशांबद्दल विचारले आहे म्हणून जपानपुरते लिहितो. इथे टीप नाही. टेबलावर नाणी ठेवून निघालात तर ती विसरली समजून वेटर रस्त्यापर्यंत धावत येऊन परत देतो. मोठ्या हॉटेलांत १० ते १५ टक्के सेवाशुल्क बिलातच असते. रात्रीच्या छोट्या खानपानगृहांत न मागवलेली एक छोटी वाटी समोर येते आणि बिलात तिचे काही शे येन लागतात. ती बसण्याची आकारणी आहे, फसवणूक नव्हे. पारंपरिक पद्धतीच्या महागड्या विश्रामगृहात काही खास सोय करून घेतली असेल तर कोऱ्या नोटा लिफाफ्यात घालून आल्याआल्या देण्याची जुनी रीत आहे, पण परदेशी पाहुण्यांकडून तिची अपेक्षा कोणी करत नाही. उघडी नोट हातात कोंबणे मात्र कुठेही अशोभनीयच मानले जाते.

सिंगापूरमध्ये दरपत्रकावर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे दिसली तर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के कर वर लागणार असे समजावे. ते दिल्यावर टीप नाही, आणि हॉकर सेंटरमध्ये तर प्रश्नच नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एवढे तपशीलवार प्रतिसाद मिळतील असे वाटले नव्हते. यजमानांना सगळा धागा वाचून दाखवला. तिरकस यांचा प्रतिसाद त्यांना फार आवडला. एडिसनकरांचा पटला, पण आवडला नाही. बससहलीचे ९६ डॉलर त्यांनी आपल्या वहीत "भाडे" या सदराखाली लिहून टाकले आहेत.

आता तीन शंका उरल्या. खोली आवरणाऱ्यांबद्दल कोणी लिहिले नाही. जेवण खरोखरच वाईट मिळाले किंवा शाकाहारी सांगूनही मांसाहारी पदार्थ आला, तरी १८ टक्के द्यायचेच का? आणि जावई बिल देत असताना टीप तरी आम्ही ठेवावी, असे यजमान म्हणतात. ते तिकडे चालते का?

एडिसनकर

खोलीसाठी रात्रीला दोन ते पाच डॉलर ठेवतात. ते शेवटच्या दिवशी एकदम ठेवू नयेत, रोज सकाळी ठेवावेत, कारण आवरणारी व्यक्ती रोज तीच असेल असे नाही. नोटा उशीवर किंवा टेबलावर ठेवून शेजारी कागदावर आभाराचे दोन शब्द लिहावेत. नुसत्या पडलेल्या पैशांना त्या हात लावत नाहीत, पाहुणे विसरले असे समजतात. हल्ली बऱ्याच हॉटेलांत सांगितल्याशिवाय रोज खोली आवरत नाहीत. बससहलीत तर रोज नवे हॉटेल असते, तेव्हा निघताना दोन-तीन डॉलर ठेवले की झाले. सकाळचा नाश्ता तिथे आपला आपण घ्यायचा असतो, त्याची टीप नाही.

जेवणाबद्दल सांगायचे तर स्वयंपाकघराची चूक आणि वेटरची चूक वेगळी धरावी. चुकीचा पदार्थ आला तर तो खाण्याआधीच शांतपणे सांगावे. इथे तो वाद न घालता बदलून देतात आणि पुष्कळदा बिलातूनही वगळतात. मांसाहाराच्या बाबतीत तर निःसंकोच सांगा, आणि पदार्थ मागवतानाच मटणाचा किंवा कोंबडीचा अर्क असलेले सूपही चालत नाही, मासेही चालत नाहीत, असे फोड करून सांगा, कारण "शाकाहारी" एवढ्यावर प्रत्येकाचे एकमत नसते. वेटरने चूक निस्तरली तर पूर्ण टीप द्यावी. त्याने तासभर ढुंकूनही पाहिले नाही, तर व्यवस्थापकाला बोलावून तसे सांगावे आणि १० टक्के ठेवावेत. अगदी शून्य ठेवले तर तो संताप आहे की विसरभोळेपणा, हे त्यांना कळत नाही, आणि व्यवस्थापकापर्यंत तर काहीच पोहोचत नाही.

जावयाने कार्ड दिले असेल तर टीपही त्यालाच लिहू द्या. पावती एकाची आणि टेबलावरच्या नोटा दुसऱ्याच्या, असे झाले की वेटरला दोन्हीकडून मिळते आणि जावयाला आपण कमी लिहिले असे सुचवल्यासारखे होते. यजमानांना राहवत नसेल तर पुढच्या वेळी पूर्ण जेवणच त्यांनी द्यावे.

नोटांचे मात्र आधीच बघा. भारतातले परकीय चलन विक्रेते बहुधा पन्नास आणि शंभराच्या नोटा हातावर ठेवतात. पाच-पाचच्या थोड्या तरी आग्रहाने मागून घ्या. आणि लेकीला तिच्या बँकेतून एक आणि पाच डॉलरच्या नोटा आणून ठेवायला सांगा, कारण बसमध्ये शंभराची नोट पुढे केली तर मार्गदर्शकाकडेही सुटे नसतात.